पेठच्या डोंगरात आजारी पडायला

गेल्या हिवाळ्यात मी आठवडाभर आजारी पडायला नाशिक जिल्ह्यात गेले होते. सांगलीत हे ज्याला-ज्याला सांगितलं, त्याने आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. तब्येत ठणठणीत होती, म्हणूनच तर बोलावणं आलं होतं.

झालं असं. मी नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. शाळेच्या जोडीने जन्मभर हौशी नाटकांत कामं केली. माझी मैत्रीण सुधा, तिची मुलगी केतकी डॉक्टर आहे. पेठच्या पुढे डोंगरात एक छोटं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे ती शिकवते. नर्सिंग शिकलेली मुलंमुली खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांवर एकेकटी जाणार असतात, त्यांना जाण्याआधी ती तयार करते. तिचा फोन आला, "मावशी, आमच्याकडे इंजेक्शन टोचायला रबरी हात आहे, बाळंतपण शिकवायला पुतळा आहे. पण पुतळा 'नाही' म्हणत नाही गं. खोटं बोलत नाही, रुसत नाही, गप्प बसत नाही. तू येशील का आठवडाभर पेशंट व्हायला?"

सांगलीच्या बाईला रंगमंच दाखवला की ती नाही म्हणत नाही. मी एक नऊवारी, दोन जुनी लुगडी, पांढऱ्या केसांचा टोप आणि काठी अशी बॅग भरली आणि निघाले.

सावळघाटापलीकडे

नाशिकपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. जुन्या सीबीएस बसस्थानकावरून पेठमार्गे गुजरातकडे जाणारी गाडी मिळाली. शहर मागे पडलं, द्राक्षबागा मागे पडल्या आणि सावळघाट सुरू झाला. आमच्याकडे कृष्णाकाठी जमीन अशी सपाट, की ऊस वाढला की पलीकडचं गावही दिसत नाही. इथे जमीन एका जागी स्थिर म्हणून नव्हती. पिवळ्या गवताचे डोंगर, मधे सागाची पानगळ, उतारावर हाताच्या तळव्याएवढी भाताची खाचरं. भात कापून झाला होता. खळ्यांवर नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं वाळत होती.

हे सगळं मी इतक्या आवडीने पाहत बसले की केंद्राच्या फाट्यावर उतरताना हातात फक्त भडंगाची पिशवी होती. बॅग वरच्या फळीवर राहिली आणि गाडी धरमपूरकडे निघून गेली.

मला न्यायला आलेली केतकी हसून हसून रस्त्याच्या कडेला बसली. "मावशी, तुझे केस गुजरातेत गेले!"

त्यामुळे पहिल्या दिवशी मला स्वयंपाकीणबाईंचं लुगडं उसनं घ्यावं लागलं. त्यांचं नाव सोनाबाई. काटक, कमी बोलणारी बाई. त्यांनी लुगडं दिलं, मी ते आमच्या पद्धतीने नेसून आले, तर मान हलवून म्हणाल्या, "असं नाय, बाई. असं नेसून चढ कशी चढशील?" आणि गुडघ्यापर्यंत आवळून, मागे घट्ट खोचून त्यांनी ते पुन्हा नेसवलं. बॅग दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीने आली. कंडक्टर माझ्या हातात देत म्हणाला, "काय हाय ओ बाई हिच्यात? मालक शोधायला उघडली तर आत केस! मी लय दचकलो."

पण मग मी तो टोप शेवटपर्यंत घातलाच नाही. माझे स्वतःचे केस पुरेसे पांढरे आहेत, हे मला तिथे कळलं.

पेशंट मावशी

केंद्रात वीसेक मुलंमुली होती. कोणी नाशिक शहरातली, कोणी सटाण्याकडची, दोघी-तिघी सुरगाण्याच्या. पहिल्याच सकाळी मी मलेरियाची रोगी होऊन खाटेवर थरथरत होते, तेव्हा सटाण्याचा तुषार नावाचा उंच मुलगा माझ्याजवळ आला आणि घाबरून स्वतःच्या घरच्या बोलीत विचारून बसला, "काय व्हयनं माय? काय त्रास शे?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न फार आवडला. त्या दिवसापासून सगळी मला पेशंट मावशी म्हणू लागली.

दोन दिवसांत मी बऱ्याच रोगांतून गेले. खोकल्याची औषधं अर्ध्यावर सोडलेली म्हातारी झाले, साप चावल्यावर आधी भगताकडे जाऊन आलेली बाई झाले. नाटकात रडायचं तर मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं रडायची मला सवय. सोनाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. जेवताना म्हणाल्या, "आमच्या बाया एवढ्या नाय ओरडत. दुखलं की गप होतात." मग मीही गप होऊन आजारी पडायला शिकले. ते ओरडण्यापेक्षा अवघड निघालं.

जेवण म्हणजे नागलीची काळसर भाकरी, उडदाची घट्ट आमटी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी. आमच्या शाळूच्या भाकरीला जरा गोडसर चव असते, ती शोधत पहिला घास घेतला तर नागली जिभेला मातकट लागली. तिसऱ्या दिवशी मी आणखी अर्धी मागून घेतली. मी नेलेलं भडंग मात्र मुलांनी एका बैठकीत संपवलं आणि वर "तिखट कमी आहे" असंही ऐकवलं.

नकार

तिसऱ्या दिवशीचा प्रसंग केतकीने मला बाजूला घेऊन समजावला. मी सासू. सुनेला आठवा महिना, अंगावर सूज, रक्तदाब वाढलेला. तिला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, पण मी नेऊ देत नाही. कारण माझ्या मनात आहे. नीट विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर नाही.

स्नेहल पुढे आली. नाशिकरोडची मुलगी, वर्गात सगळ्यांत हुशार. तिने सून झालेल्या वर्गातल्या मुलीचा रक्तदाब मोजला, पायावर बोट दाबून सूज पाहिली, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, सगळं विचारलं. एकही गोष्ट चुकली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, हिला आत्ताच्या आत्ता न्यायला लागेल."

"नाही न्यायचं," मी म्हटलं.

"अहो, हिला झटके येऊ शकतात. जीव जाईल तिचा, बाळाचाही."

मी पदर सारखा केला.

"तुम्हाला कळतंय का मी काय सांगतेय?" तिचा आवाज चढला. "तुम्ही समजून का घेत नाही? शिकलेली माणसं सांगतात ते ऐकायचं नाही, आणि मग काही झालं की आमच्या नावाने बोंब!"

मी सोनाबाईंकडून शिकल्याप्रमाणे जमिनीकडे बघत राहिले. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. मग तसं लिहून द्या आणि अंगठा करा. पुढे माझी जबाबदारी नाही."

केंद्राचा नियम असा, की प्रसंग संपला की रोग्याने आपल्याला काय वाटलं ते खरं-खरं सांगायचं. केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी अजून त्या म्हातारीतच होते. म्हणाले, "मला वाटलं, हिला माझ्या सुनेपेक्षा स्वतःचीच काळजी जास्त आहे."

स्नेहलचा चेहरा उतरला. ती खोलीबाहेर गेली, संध्याकाळी जेवायलाही आली नाही. मी केतकीला म्हटलं, "जरा जास्तच झालं का गं?" ती म्हणाली, "इथे झालं ते बरं झालं, मावशी. पण तिच्याशी बोल."

सकाळी मी हापशावर तोंड धूत होते, तर स्नेहल बादली घेऊन आली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मावशी, तुम्ही म्हणालात ते खरं आहे."

मी हापसा सोडून तिच्याजवळ गेले.

"मला उपकेंद्र मिळालंय ना, तिथे डॉक्टर नाही. मी एकटी. फोनला रेंजसुद्धा टेकडीवर जाऊन मिळते. मला रोज एकच वाटतं, माझ्यासमोर कोणी गेलं तर? तुम्ही 'नाही' म्हणालात ना, तेव्हा मला तीच बाई मेलेली दिसायला लागली. मग मी काय बोलले मला कळलंच नाही." तिने बादली खाली ठेवली. "आई म्हणते, सोडून दे, शहरातला एखादा दवाखाना बघ. मलाही वाटतं, सोडावं."

इतक्या वर्षांच्या शाळेत एक पाहिलंय. घाबरलेला माणूस रागावलेल्या माणसासारखाच दिसतो. मी तिला सोड म्हटलं नाही की राहा म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "आज संध्याकाळी परत खेळायचं का? मी पुन्हा नाही म्हणेन."

ती पुसटशी हसली. "म्हणा."

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही तोच प्रसंग कितीदा तरी केला. दर वेळी मी नकाराचं कारण बदललं. कधी पैसे, कधी देवऋषी, कधी नुसतीच भीती. ती दर वेळी घाईने उपाय सांगायला धावायची, मग जीभ चावून थांबायची. एकदा वैतागून म्हणाली, "मावशी, प्रश्न विचारून गप्प बसणं फार अवघड आहे हो. हात शिवशिवतात." मी म्हटलं, "मग हाताला काहीतरी काम दे." सोनाबाईंनी लसणाच्या पाकळ्या पुढे ठेवल्या.

पाड्यावर

शनिवारी पाड्यावर जायचं होतं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला सोबत नेलं ते पाहुणी म्हणून, आणि केतकीने ताकीद दिली, "तिथे नाटक नाही. तू फक्त बसायचं."

जीप एका ओढ्यापर्यंत गेली, पुढे चढ. सोनाबाईंनी लुगडं का आवळलं होतं ते तिथे पटलं. पाड्यावर कुडाची घरं, दारात शेणाने सारवलेली अंगणं, आणि माणसं फारच थोडी. गावातली आशा कार्यकर्ती म्हणाली, "बाप्ये समदे द्राक्षात गेलेत, दिंडोरीकडं. भात झाला की जातात. काहींच्या बायापण जातात." येताना ज्या द्राक्षबागा मी कौतुकाने पाहिल्या होत्या, त्या इथल्या हातांवर उभ्या होत्या तर.

मुलं दोघादोघांनी घरं वाटून घेत होती. स्नेहलच्या वाट्याला आलेल्या घरात केतकी आणि मीही गेलो. अंगणात जमनाबाई नावाची म्हातारी सुपाने नागली पाखडत होती. दारात तिची सून यशोदा बसलेली, आठव्या महिन्याची. डोळे बारीक झालेले, पापण्या सुजलेल्या. तीन वर्षांची पिंकी तिच्या पायाशी खेळत होती.

स्नेहलने रक्तदाब मोजला. थोडं थांबून दुसऱ्या हातावर मोजला. मग केतकीकडे पाहिलं. केतकीने स्वतः मोजला आणि मान डोलावली. डोकं सकाळपासून ठणकत होतं, असं यशोदा म्हणाली. समोरचं धुरकट दिसत होतं. मला वाटलं, काल ओसरीवर खेळलेलंच कोणीतरी परत बोलतंय. पण ही सूज खरी होती.

"हिला आज पेठला न्यायला लागेल, आजी," स्नेहल म्हणाली. "आत्ताच. उशीर केला तर धोका आहे."

जमनाबाईने सूप थांबवलं नाही. "नाय जायची ती."

"अहो, पण..." स्नेहलचा आवाज तसाच वर चढला, आणि मधेच थांबला. मी बघत होते. तिने ओठ मिटले. मग अंगणात म्हातारीसमोर खाली बसली आणि नागलीतले खडे वेचू लागली.

"आजी, दवाखान्याचं नाव काढलं की तुम्हाला काय आठवतं?" तिने विचारलं आणि गप्प बसली.

मला तर वाटलं, म्हातारी आता बोलणारच नाही. केतकीने घड्याळाकडे पाहिलं. सूप थांबलं.

"माझी लेक नेली होती," जमनाबाई म्हणाली. "धाकली. अशीच सुजली होती. गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेली. मला भाईर बसवलं. आत काय चाललं, कोणी सांगलं नाय. इचारलं तर म्हणं, बस. रातभर बसले. सकाळी दिली ती गार झालेली." तिने पुन्हा सूप उचललं. "हिला तशी नाय देणार. मरायची तर हितं मरंल, माझ्या हातात."

स्नेहलचे डोळे भरले होते, पण ती पुसायला थांबली नाही.

"आजी, मी खोटं नाही सांगत. तुम्हाला आत घेतील की नाही, मला माहीत नाही. तुम्हाला बाहेरच बसवतील कदाचित. पण मी येते तुमच्याबरोबर. मी नर्स आहे, मला आत जाऊ देतील. मी आत जाईन, बघेन, बाहेर येऊन तुम्हाला सांगेन. पुन्हा जाईन, पुन्हा सांगेन. चांगलं असेल ते सांगेन, वाईट असेल तेही सांगेन."

"रातभर?"

"रात्रभर."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. मग केतकीकडे, जणू ही खरं बोलते का, असं. केतकी म्हणाली, "तिला मी सोडते. ती येईल."

जमनाबाई यशोदाकडे वळली. "जायचं का गं?"

जायचं की नाही, हे यशोदाला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. म्हणाली, "जायचं. माझं डोकं लय दुखतं, आई."

मग मात्र एकदम धावपळ झाली. रुग्णवाहिका लांब होती, म्हणून केंद्राच्या जीपनेच न्यायचं ठरलं. तुषारने आणि आणखी एकाने झोळी करून यशोदाला ओढ्यापर्यंत उतरवलं. शेजारणीने बकऱ्या आपल्याकडे घेतल्या. जमनाबाई भाकरी फडक्यात बांधता बांधता थांबली, "पोरीचं काय?" शेजारीण दिवसभर रानात जाणार होती. मी म्हटलं, "मी राहते." केतकीने डोळे विस्फारले, पण वाद घालायला वेळ नव्हता. ती जीपकडे धावली.

अशी मी त्या घरात एका लहान मुलीबरोबर एकटी राहिले. पिंकी आधी रडली, मग मला न्याहाळत बसली. मी उरलेली नागली पाखडायला घेतली आणि निम्मी अंगणात उडवली. कोंबड्या धावून आल्या. पिंकी खो-खो हसली. दुपारी कुडाच्या सावलीत आम्ही दोघी झोपलो. उन्हं उतरल्यावर शेजारीण परतली, उडालेली नागली पाहून म्हणाली, "बाई, तुमच्या गावाला पाखडत नाय का?" मी म्हटलं, "आमच्या गावाला गिरणीत पाखडूनच मिळतं." तिला ते खरं वाटलं नाही. पिंकीला तिच्याकडे सोपवून मी मुलांबरोबर खाली उतरले.

नाशिक

रविवारी कोणाचंच मन थाऱ्यावर नव्हतं. पेठहून यशोदाला झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन देऊन नाशिकला पाठवलं होतं, एवढंच कळलं. दुपारी फोन आला. ऑपरेशन करून मुलगा झाला होता. अगदी लहान, काचेच्या पेटीत ठेवलेला. यशोदा शुद्धीवर होती. सोनाबाईंनी कोणाला न विचारता गुळाचा शिरा केला.

सोमवारी माझी परतीची गाडी नाशिकहून होती, म्हणून वाटेत दवाखान्यात गेले. स्नेहल दारातच भेटली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, अंगावर शनिवारचाच ड्रेस. मी तिला चहाच्या टपरीवर नेलं.

"कसं केलंस गं?"

"काही नाही हो, मावशी. आत-बाहेर, आत-बाहेर. पहारेकरी वैतागले माझ्यावर." ती चहाचा पेला दोन्ही हातांत धरून होती. "ऑपरेशनला नेलं तेव्हा मलाही आत सोडलं नाही. मी बाहेर येऊन आजींना काय सांगणार? मला वाटलं, आता ही बाई माझा गळा धरणार. मी म्हटलं, आजी, आत काय चाललंय मला माहीत नाही. कळलं की सांगते. तर त्या काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, बस मग. उभी नको राहू. आणि मला भाकरी दिली."

ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सोडून देण्याविषयी ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. पण चहा संपल्यावर म्हणाली, "माझ्या उपकेंद्रापासून टेकडी किती लांब आहे ते बघून घ्यायला हवं. फोनसाठी."

आम्ही वर गेलो. लांबलचक वऱ्हांडा, भिंतीला लागून बाकडी, त्यांवर माणसं. जमनाबाई मधल्या बाकावर बसली होती. मला पाहून तिने स्नेहलला विचारलं, "पोरीजवळ राह्यली ती ना ही? ही कोण डाक्टर?"

"मी डॉक्टर नाही," मी म्हटलं. "आजारी पडायचं काम करते."

तिला ते काही कळलं नाही, पण पिंकी मजेत आहे म्हटल्यावर तिने माझा हात धरला आणि बाकावर जागा केली. एका नर्सने सकाळी तिला नातू काचेतून दाखवला होता. "उंदरागत हाय," ती म्हणाली. "पर हातपाय मारतो."

तेवढ्यात जिन्यावरून एक बाई आली. पंचेचाळिशीची असेल, डोक्यावरचा पदर घसरलेला, हातात कोणाच्या तरी चपला. तिची सून नुकतीच आत नेली होती. दारावरचा माणूस तिला सांगत होता, "बसा तिकडं." ती बसेना. दाराच्या फटीतून आत बघत उभी राहिली.

जमनाबाई उठली. तिच्याजवळ गेली आणि तिच्या हातातल्या चपला घेऊन खाली ठेवल्या.

"आत आधी हातात सुई लावतात," ती तिला म्हणाली. "मग पोटावर यंत्र ठेवतात, बाळाचं ऐकायला. लागत नाय त्यानं. चल, बस. आमची पोरगी आत जाते, ती इचारून येईल."

आणि तिने स्नेहलकडे पाहिलं. स्नेहलने ओढणी सारखी केली आणि दार ढकलून आत गेली.